पानं गळालेल्या आमरीला पाणी किती?



घाटमाथ्यावरच्या गावांत जुन्या आंब्याच्या, जांभळीच्या फांद्यांवर लहान लहान गड्ड्यांचे पुंजके चिकटलेले आपण पाहतो. पावसाळ्यात त्यांना दोन-तीन हिरवी पानं असतात. हिवाळ्यात पानं झडतात आणि उघड्या गड्ड्यांवर पांढरी, जांभळट रेघांची चिमुकली फुलं येतात. ही आहे आमरीची एक बुटकी जात. शास्त्रीय नाव डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन. तिचा एक गड्डा जेमतेम काही सेंटिमीटर उंच असतो. 

बरेच जण तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकतात. हा गैरसमज आहे. बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचा रस पितं. आमरी फक्त सालीला धरून बसते. तिचं अन्नपाणी हवेतून, पावसातून आणि सालीवर साठलेल्या पाल्याच्या चुऱ्यातून येतं. आंब्याचं ती काही घेत नाही. तेव्हा बागेत असेल तर ती राहू द्यावी.

वादळात फांदी मोडून पडली की काही जण ही आमरी घरी आणतात, ओटीवर टांगतात. पहिलं वर्ष बरं जातं. मग हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतात. घरच्यांना वाटतं, झाड वाळलं! आणि प्रेमापोटी रोज तांब्याभर पाणी सुरू होतं. महिन्याभरात गड्डे मऊ होऊन कुजतात. झाड वाळून मेलेलं नसतं, पाण्यानं मेलेलं असतं. म्हणून पाणी कधी द्यावं यापेक्षा कधी देऊ नये, हे आधी समजून घेऊ.

डोंगरावर काय घडतं?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने फांदीवरच्या झाडाला मिळतं ते पहाटेचं धुकं, थोडं दव आणि रात्रीचा गारवा. आमरीनं आपला संसार याच हिशेबानं मांडला आहे. पावसाळ्यात वाढायचं, गड्ड्यात पाणी साठवायचं, पावसाळा सरला की पानं टाकून खर्च कमी करायचा. पानंच नाहीत, तर पाणी उडून जाणार कुठून? आणि मुळांनी ओढलेलं पाणी जाणार कुठे? म्हणूनच या काळात दिलेलं जास्तीचं पाणी तिला पचत नाही.

मुळं सांगतात ती खूण

आमरीच्या मुळावर पांढरा, स्पंजासारखा थर असतो. हा थर मेलेल्या पोकळ पेशींचा बनलेला असतो आणि पाणी चटकन शोषून घेतो. भिजला की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. वाळला की पुन्हा पांढरा. म्हणजे मूळ हिरवं दिसलं तर पोट भरलेलं आहे, पांढरं दिसलं तर तहान लागण्याच्या बेतात आहे. पाणी देण्याआधी रोज मुळांकडे पाहण्याची सवय लावा. मूळ हिरवं असताना पुन्हा पाणी घालू नये. ओल आणि सुकणं आलटून पालटून झालं तरच मुळांना हवा मिळते, नाहीतर ती गुदमरून सडतात.

महिनेवार पाणी

*मृग ते भाद्रपदअखेर :* हा वाढीचा काळ. झाड पावसात टांगलेलं असेल तर वेगळं पाणी नको, फक्त वारा खेळता हवा. ओटीवर आडोशाला असेल तर रोज सकाळी लाकडासकट बादलीत दोन-तीन मिनिटं बुडवून काढा आणि निथळू द्या. तीन-चार तासांत वरची ओल सुकली पाहिजे. आठवडाभर झड लागली, हवा कोंदट झाली, तर एक-दोन दिवस पाणी चुकवलं तरी चालतं.

*हस्तापासून पुढे :* पाऊस ओसरला की पाणी एकदम तोडू नका. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पानं पिवळी पडू लागली की समजा, झाड विश्रांतीला निघालं.

*पानं गळाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत :* बुडवणं पूर्ण बंद. घाटमाथ्यावर दव-धुकं असेल तर वरून पाणी देण्याची गरजच नाही. देशावर, कोरड्या हवेत, आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी पंपाने हलका फवारा पुरे. फुलांवर पाणी साचू देऊ नका.

*मार्च ते मे :* कोरडा वारा सुटतो. तीन-चार दिवसांनी भल्या पहाटे हलका फवारा द्या. गड्ड्यावर बारीक सुरकुत्या येणं साहजिक आहे, घाबरू नका. गड्डा अगदी चपटा पडू लागला तरच फवारे थोडे वाढवा.

*नवा कोंब दिसल्यावर :* इथेच घाई होते. कोंबाच्या बेचक्यात पाणी साचलं की तो एका रात्रीत काळा पडतो. कोंब बोटाच्या पेरभर होऊ द्या, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसू द्या, मगच पाणी वाढवा.

पाणी कोणतं द्यावं?

पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. पहिल्या एक-दोन सरींत पत्रे धुऊन जाऊ द्या, मग पिंपात धरा आणि तोंडाला दाट फडकं बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल. बोअरचं पाणी बहुधा क्षारांचं असतं. मुळांवर आणि लाकडावर पांढरा थर धरला की पाणी जड आहे असं समजा. उकळून सगळे क्षार जात नाहीत. नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरावं. उन्हाळ्यात दुपारी नळाचं पाणी कढत येतं, ते मुळांवर घालू नये. एकाच बादलीत चार झाडं बुडवू नयेत. एकाची कूज चौघांना लागते.

खत फक्त पावसाळ्यात, तेही नावापुरतं. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. पानं नसताना खत नको.

जागा आणि गारवा

ही थंड हवेची जात आहे. पुणे-साताऱ्याकडे उत्तरेची किंवा पूर्वेची ओटी निवडा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. गारव्यासाठी झाडाखाली ओल्या वाळूचं तसराळं ठेवा, पण झाड पाण्याला टेकवू नका. मातीच्या कुंडीत लावूच नये. खडबडीत सालीचा लाकडाचा तुकडा उत्तम. कुंडीच हवी असेल तर विटांचे तुकडे आणि कोळसा, तळाला मोठी भोकं. नुसता नारळाचा काथ्या फार वेळ ओल धरतो, तो टाळावा.

गड्डा मऊ, तपकिरी झाला आणि वास आला तर तो स्वच्छ सुरीनं कापून टाका आणि आठ-दहा दिवस पाणी बंद ठेवा. बाकीचे गड्डे टणक असतील तर झाड वाचतं.

एक विनंती

घरचं झाड कुजलं की लोक रानातून दुसरं ओरबाडून आणतात, ते कुजलं की तिसरं. असं करत गावाजवळच्या फांद्या उघड्या पडतात. शिवाय राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून झाड काढणं हा गुन्हा आहे. आपल्या बागेत मोडून पडलेल्या फांदीवरचंच झाड घ्या, आणि घेतलंत तर ते नीट सांभाळा. सर्वांत सोपं म्हणजे ते दुसऱ्या आंब्याच्या सावलीतल्या फांदीवर सुतळीनं बांधून द्यावं. दोन पावसाळ्यांत मुळं साल धरतात आणि पाण्याची काळजी पाऊसच घेतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मूळ पांढरं झाल्याशिवाय पाणी नाही.
२. पानं गळाली म्हणजे झाड मेलं नाही, ते झोपलं आहे.
३. पाणी सकाळी द्यावं, संध्याकाळी झाड कोरडं असावं.
४. नव्या कोंबाला पेरभर होईपर्यंत थांबावं.
५. शंका आली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.