मॅटिनीचा खेळ आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

गेल्या फाल्गुनात आमच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त लेकीने एक बेत आखला. लोअर परळमध्ये, जिथे पूर्वी गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथल्या एका कार्यालयात ती काम करते. तिच्या मित्रमैत्रिणींत सध्या एक नवी आवड रुजली आहे. जुना, गाजलेला, ज्याचे संवाद प्रेक्षकांना मुखोद्गत आहेत असा चित्रपट मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवायचा आणि त्याच्या कथेला साजेसे जेवण प्रेक्षकांच्या पुढ्यात मांडायचे. शहरातल्या अशाच एका ठिकाणाची चार तिकिटे तिने काढली. आम्ही उभयता, ती स्वतः आणि आमच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाई.

खेळ रात्री साडेआठचा होता. सासूबाईंचा चौविहार गेली चाळीस वर्षे अखंड चालू आहे, हे लेकीला ठाऊक नव्हते असे नाही. पण आजी सहापूर्वी घरी जेवून घेतील आणि मग नुसता चित्रपट पाहतील, असा तिने हिशेब केला होता. प्रत्यक्षात पडद्यावर पंगत बसली की आमच्या मेजावर तेच पदार्थ येत. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत, आणि सासूबाई मांडीवर हात ठेवून, पाण्याचा पेलाही न उचलता बसलेल्या. आम्ही आधी विचारून खात्री करून घेतली होती, तरी आमच्या ताटातही लसूण आलाच. लेकीचा चेहरा उतरला. परतताना टॅक्सीत सासूबाईच म्हणाल्या, "अगं, चित्रपट फार छान होता. पुढच्या वेळी मला मॅटिनीला ने."

त्या एका वाक्यावरून या लेखाचा विषय सुचला.

इंग्रजीत अशा चित्रपटांना 'कल्ट' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पंथ. एखाद्या चित्रपटाभोवती भक्तांचा मेळा जमतो, तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो आणि पाहण्याचे विधी ठरून जातात. न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली चित्रपटगृहात 1976 पासून 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' या चित्रपटाचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. पडद्यावर लग्न लागले की तिथले प्रेक्षक तांदूळ उधळत. अन्न असे पायदळी जाणे आपल्या घरांत कुणाला रुचणार नाही, पण प्रकार कसा असतो ते यावरून कळते. पुढे 1997 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 'अलामो ड्राफ्टहाउस' हे चित्रपटगृह निघाले. आसनासमोर मेज, मेजावर जेवण, आणि काही खास दिवशी चित्रपटात जे पदार्थ दिसतात त्यांचेच ताट. आमच्या लेकीने पाहिलेला प्रकार त्याच वंशातला.

मात्र हे सारे परदेशातून आले, असे म्हणताना माझी जीभ अडखळते. एकच चित्रपट वर्षानुवर्षे पाहणे ही गोष्ट गिरगाव ते दादर या पट्ट्याला कुणी शिकवावी? 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात सँडहर्स्ट रस्त्यावरच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये झळकला. आज ही दोन्ही चित्रपटगृहे उरलेली नाहीत. लॅमिंग्टन रस्त्यावरच्या मिनर्व्हात 1975 साली लागलेला 'शोले' पाच वर्षे चालला. मिनर्व्हाही गेले.

मराठा मंदिर मात्र उभे आहे. मुंबई सेंट्रल स्थानक आणि एस.टी.चे आगार यांच्यासमोरचे हे चित्रपटगृह म्हणजे या विषयातले खरे तीर्थ. 5 ऑगस्ट 1960 रोजी 'मुगल-ए-आझम'चा पहिला खेळ इथे झाला, तेव्हा चित्रपटाच्या रिळांचे डबे शृंगारलेल्या हत्तीवरून आणले होते. तिकिटांसाठी लोक दिवसच्या दिवस रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या घरची माणसे रांगेतच जेवणाचे डबे पोहोचवीत. चित्रपट आणि भोजन यांची सांगड म्हणतात ती याहून निराळी काय असते? फरक इतकाच, की त्या डब्यात काय असावे हे कथेवर अवलंबून नव्हते. ज्याच्या घरची जी रीत, तो त्याचा डबा.

याच मराठा मंदिरात 20 ऑक्टोबर 1995 रोजी 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागला. डिसेंबर 2014 मध्ये त्याचे एक हजार आठवडे पूर्ण झाले. फेब्रुवारी 2015 मध्ये व्यवस्थापनाने खेळ थांबवण्याचे ठरवले, तर लोकांचा इतका आग्रह झाला की तो पुन्हा सुरू करावा लागला. टाळेबंदीत सगळीच चित्रपटगृहे बंद होती तो काळ सोडला, तर हा दिनक्रम चालूच राहिला, आणि 2025 च्या ऑक्टोबरात त्याला तीस वर्षे झाली. वेळ सकाळी साडेअकराची. तिकीट इतके स्वस्त, की गाडीची वाट पाहणारा प्रवासीही सामान सांभाळत आत येऊन बसतो.

सासूबाईंची आज्ञा मानून आम्ही चैत्रात तिथेच गेलो. दहाच्या सुमारास घरी भाकरी, मुगाचे वरण आणि दुधीची भाजी असे पोटभर जेवण झाले. साडेअकराला पडदा उजळला. चित्रपट तीन तासांहून थोडा मोठा, त्यात मध्यंतर. बाहेर आलो तेव्हा तीन वाजत आले होते आणि ऊन अजून रस्त्यावर होते. आत जे पाहिले ते सांगितलेच पाहिजे. आमच्या मागच्या रांगेत चाळिशीचे एक गृहस्थ प्रत्येक संवाद नायकाच्या अर्धा क्षण आधी पुटपुटत होते. शेवटच्या प्रसंगात नायिका आगगाडीच्या दिशेने धावू लागली आणि अवघे सभागृह तिला हाका मारू लागले, जणू या वेळी तिची गाडी खरोखरच चुकेल. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. हा चित्रपट त्यांनी दूरचित्रवाणीवर निदान पाच वेळा पाहिला असेल. तिथे त्यांनी कुणाचा हात धरल्याचे मला आठवत नाही.

परतताना लालबागला उतरलो, ते चिवडा गल्लीसाठी. या गल्लीत दुकानांच्या दारांत चिवड्याच्या राशी असतात. बटाट्याच्या सळ्यांचा आपल्याला चालत नाही आणि काही मिश्रणांत लसूण असतो, तेव्हा विचारून घ्यावे. मक्याचा आणि पातळ पोह्यांचा मिळतो. चार वाजता, उन्हात उभे राहून, कागदी पुडीतला मक्याचा चिवडा सासूबाईंनी चवीने खाल्ला. त्या रात्रीच्या मेजावर त्यांना जे मिळाले नव्हते, ते त्यांना या पुडीत मिळाले, असे मला वाटले.

जवळच भारतमाता चित्रपटगृह आहे. गिरणगावातले हे मराठी चित्रपटांचे हक्काचे घर. ज्या जमिनीवर ते उभे आहे ती गिरणीची, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले तेव्हा हेही जाणार अशी भीती निर्माण झाली, आणि ते वाचावे म्हणून मराठी कलावंत व रहिवासी रस्त्यावर उतरले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांच्या चुली विझल्या. तरी गणेशोत्सवात गल्लीच्या दोन टोकांना पांढरा पडदा बांधून सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर चित्रपट दाखवण्याची इथल्या चाळींची रीत बरीच वर्षे टिकली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्यांना श्रेयनामावली उलटी दिसे आणि नायक डावखुरा. यजमानांना या परिसरात लहानपण काढल्याचा अभिमान आहे. 'अर्धे चित्रपट आम्ही उलटेच पाहिले' हे ते आजही सांगतात.

लोअर परळमध्ये दीपक टॉकीज नावाचे जुने एकपडदा चित्रपटगृह होते. 2014 च्या सुमारास त्याचे 'मॅटरडेन' असे नवे रूप झाले, आणि तिथे नव्या चित्रपटांऐवजी जगभरातले अभिजात चित्रपट तिकीट लावून दाखवले जाऊ लागले. गिरणगावच्या मध्यावर जपानी आणि युरोपीय चित्रपटांना तरुणांची गर्दी होत असे, हे तेव्हा अनेकांना नवलाचे वाटले. दादर भागात मात्र ही ओढ फार जुनी आहे. प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी 1968 मध्ये स्थापन झाली. सुधीर नांदगावकरांसारख्या कार्यकर्त्यांनी सभासदांची वर्गणी गोळा करून, कुठे सभागृह मिळेल तिथे, मराठी माणसाला जगाचा चित्रपट दाखवला. या मंडळाचे 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक ज्यांनी वाचले असेल त्यांना चित्रपटाविषयी मराठीत किती गंभीरपणे लिहिता येते ते ठाऊक असेल.

आता दादरचे प्लाझा. प्लाझाचे नाव घेतले की शांतारामबापूंचे नाव येते, आणि आपल्या वाचकांना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1901 मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांताराम यांचे वडील राजाराम वणकुद्रे हे जैन होते. आमच्या माहेरी, कोल्हापूरकडे, ही गोष्ट घराघरांत सांगितली जाई. कुंदनलाल सैगल यांनी गावी की वणकुद्र्यांच्या पोराने पडद्यावर आणावी, असे आमचे आजोबा काहीतरी म्हणत. त्यांना सगळे चित्रपट एकाच माणसाने काढले आहेत असे वाटे. शांतारामबापूंनी 1942 मध्ये परळला, वाडिया मूव्हीटोनच्या जागेत, राजकमल कलामंदिर उभे केले. 'दो आँखें बारह हाथ' हा 1957 चा चित्रपट त्याच राजकमलचा. कैद्यांना विश्वासाने माणसांत आणू पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा. हिंसेला हिंसेने उत्तर न देण्याचा इतका नाट्यपूर्ण प्रयोग पडद्यावर क्वचितच झाला असेल.

प्लाझा हे शांतारामबापूंचेच चित्रपटगृह. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत या वास्तूलाही लक्ष्य करण्यात आले आणि इथे माणसे मृत्युमुखी पडली. ती पुन्हा उभी राहिली आणि तिथे मराठी चित्रपट लागत राहिले.

मराठीतला सर्वांत मोठा 'कल्ट' चित्रपट कोणता, याविषयी आमच्या घरात वाद नाही. 1988 चा 'अशी ही बनवाबनवी'. सचिन पिळगावकर यांचे दिग्दर्शन, वसंत सबनीस यांचे लेखन आणि निर्माते किरण शांताराम, म्हणजे बापूंचे चिरंजीव. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या 1966 च्या हिंदी चित्रपटाची. पण अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सुधीर जोशी यांनी ती इतकी मराठी केली, की मूळ कुणाला आठवतही नाही. चित्रपटाच्या वेळी न जन्मलेली मुले त्यातले संवाद बोलतात. माझी लेक त्यांतलीच.

तेव्हा लेकीनेच प्रायश्चित्त म्हणून सुचवले की आपल्या इमारतीच्या सभागृहात, रीतसर परवानगी काढून, 'बनवाबनवी'चा खेळ करावा आणि साजेसे जेवणही ठेवावे. चित्रपट घडतो पुण्यात आणि शेवटी लग्ने जमतात. तेव्हा बेत पुणेरी लग्नाचा: मसालेभात, कोथिंबीर वडी, मठ्ठा, जिलबी. महिला मंडळाने यादी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली. मसालेभात तोंडल्यांचा, बटाटा नको. जिलबीचे पीठ आंबवलेले, तेव्हा तिच्याऐवजी बुंदीचे लाडू. मठ्ठ्यातले आले काढायचे, हे सर्वांनाच माहीत होते. पण सासूबाई तिथेच थांबल्या नाहीत. "वडी बेसनाची, लाडूही बेसनाचे. त्यांच्याबरोबर कच्च्या दह्याचा मठ्ठा कसा चालेल? द्विदल होईल." मंडळातल्या तरुण मुलींना हा शब्दच नवा होता. पंधरा मिनिटे सासूबाई डाळी आणि दही यांविषयी बोलत होत्या, आणि मुली भ्रमणध्वनी खाली ठेवून ऐकत होत्या. मठ्ठा गेला आणि कोकमाचे सार आले.

जाता जाता एक उपयुक्त माहिती. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की चित्रपटगृहाचे मालक बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणण्यास मनाई करू शकतात, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी त्यांनी विनामूल्य पुरवले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे अन्न पालकांना नेता येते. व्रतस्थांसाठी वेगळी सवलत त्यात नाही. म्हणून वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी घरी जेवावे आणि दुपारचा खेळ निवडावा. माघ-फाल्गुनात मुंबईत सूर्य सव्वासहा ते पावणेसातच्या सुमारास मावळतो. अडीचचा खेळ साडेपाचपर्यंत संपतो आणि ताट मांडायला पुरेसा वेळ उरतो.

आमचा खेळ माघातल्या पहिल्या रविवारी आहे. पडदा अडीचला, पंगत पावणेसहाला. साठ पाने होतील असा अंदाज होता. काल सासूबाईंनी तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना परस्पर आमंत्रण दिले, त्यामुळे आता लाडवांचे प्रमाण वाढवावे लागणार आहे.