बिनकाट्याची घायपात आणि कुमारी : एक आवश्यक द्रव्यनिश्चिती

गेल्या काही वर्षांत शहरी वसाहतींच्या उद्यानांत एक देखणी मांसल वनस्पती सर्वत्र दिसू लागली आहे. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची आमची ऊर्जानगर वसाहतही त्यास अपवाद नाही. फिकट हिरवी, किंचित राखाडी झाक असलेली, रुंद व मऊ पाने कमळाप्रमाणे उमललेली असतात. पानांच्या कडेस काटा नाही, टोकासही नाही. लहान मुले असलेल्या घरी ती निर्धास्त लावली जाते. रोपवाटिकेत तिला ‘फॉक्सटेल अगेव्ह’ म्हणतात, आणि घरोघरी ‘मोठी कोरफड’ असे म्हटले जाते. हे दुसरे नाव आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने चिंतेचे आहे. अशी पाने घेऊन, ‘ही लावली तर चालेल का?’ असे विचारणारे रुग्ण चिकित्सालयात येतात. विचारणाऱ्यांना सांगता येते; प्रश्न न विचारता वापरणाऱ्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे.

वनस्पती परिचय

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अगेव्ह ॲटेन्यूएटा. साल्म-डिक यांनी 1834 मध्ये तिचे वर्णन केले. मूळस्थान मध्य मेक्सिको. आपल्या शेतांच्या बांधांवर व रेल्वेमार्गांच्या कडेला आढळणारी, जिच्यापासून वाख काढतात ती काटेरी घायपात याच प्रजातीतील आहे. कुमारी अर्थात ॲलो व्हेरा मात्र निराळ्या कुलातील वनस्पती होय. मांसल पानांचा गुच्छ एवढेच दोहोंतील साम्य. ते शुष्क हवामानात पाणी साठवण्याच्या समान गरजेतून आलेले आहे, नात्यातून नव्हे.

अगेव्ह प्रजाती मूळची अमेरिका खंडातील असल्याने चरक, सुश्रुत वा वाग्भट यांच्या ग्रंथांत तिचा उल्लेख असणे शक्य नाही. काही भागांत घायपातीला ‘केतकी’ म्हणतात, त्यामुळे आणखी घोटाळा होतो; कारण संहितोक्त केतकी म्हणजे केवडा. या वनस्पतीचे रस, वीर्य, विपाक आपल्या शास्त्रात निश्चित झालेले नाहीत. म्हणून कुमारीच्या जागी प्रतिनिधी द्रव्य म्हणून तिचा विचार करण्यास कोणताही आधार नाही.

अपाय कशामुळे होतो?

काटा नाही म्हणजे इजा नाही, ही समजूत चुकीची आहे. अगेव्ह प्रजातीच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान कापताना वा चोळताना ते त्वचेत रुततात आणि दाह, कंडू, रक्तिमा, क्वचित फोड उत्पन्न करतात. मेक्सिकोत टकिला मद्यासाठी अगेव्ह तोडणाऱ्या व दळणाऱ्या कामगारांत हा त्वचाविकार आढळतो. त्याचे कारण हेच स्फटिक असल्याचे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले गेले. शिवाय पानांत सॅपोनिन वर्गाची द्रव्ये असतात. तीही क्षोभकारक आहेत.

आता विचार करावा की कुमारीचा गर लोक कोठे वापरतात? चेहऱ्यावर, भाजलेल्या त्वचेवर, डोळ्यांभोवती. शिवाय सकाळी उपाशीपोटी पोटातही घेतात. म्हणजे ज्या ठिकाणी क्षोभ सर्वांत घातक, नेमक्या त्याच ठिकाणी ही चूक होण्याचा संभव आहे.

ओळखावे कसे?

1. पानाची कडा : कुमारीच्या पानाच्या कडेस लहान पांढुरके दात असतात, तर या घायपातीची कडा गुळगुळीत असते. परंतु बाजारात येणारी पाने कडा तासूनही येतात. म्हणून केवळ या लक्षणावर विसंबू नये.

2. पीतरस : कुमारीचे ताजे पान बुडाशी कापून उभे धरल्यास सालीलगतून पिवळसर, अत्यंत तिक्त रस पाझरतो. तो आटवूनच कन्यासार, म्हणजे व्यवहारातील काळा बोळ, तयार होतो. घायपातीत हा पीतरस नसतो.

3. गर : कुमारीची साल काढल्यास पारदर्शक, बुळबुळीत गर सलग निघतो. घायपातीत उभ्या धाग्यांमुळे गर तसा सलग सुटत नाही.

4. फेस : पानाचा तुकडा पाण्यात कुस्करून कुपीत जोराने हलविल्यास घायपातीचा फेस बराच वेळ टिकतो. हातमोजे घालूनच हे करावे. चव घेऊन परीक्षा कदापि करू नये.

5. टंकण परीक्षा : पीतरस किंवा कन्यासार पाण्यात विरघळवून गाळावा, त्यात थोडा टंकण घालून ऊन करावे व पाण्याने विरल करावे. कुमारीच्या रसात हिरवट चमक दिसते. नुसत्या धुतलेल्या गरावर ही परीक्षा लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

6. पुष्प : कुमारीस दरवर्षी सरळ दांड्यावर नळीदार फुले येतात व झाड टिकते. या घायपातीस अनेक वर्षांनी एकदाच, दोन-तीन मीटर लांबीचा, कमानीसारखा वाकलेला पुष्पदंड येतो आणि त्यानंतर तो गुच्छ मरतो. फॉक्सटेल, म्हणजे कोल्ह्याचे शेपूट, हे नाव या पुष्पदंडावरूनच पडले आहे.

औषधनिर्मात्यांसाठी

कुमार्यासव, रजःप्रवर्तिनी वटी यांसारख्या कल्पांचा पाया कुमारी हाच आहे. ताजी पाने घेणाऱ्यांनी प्रत्येक खेपेतील काही पाने बुडाशी कापून पीतरस पाहावा व तशी नोंद ठेवावी. 2000 साली अधिसूचित झालेल्या अनुसूची ‘टी’नुसार कच्च्या द्रव्याची ओळख पटविणे बंधनकारक आहे, आणि एका द्रव्याऐवजी दुसरे द्रव्य घातलेले औषध हे औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, 1940 नुसार बनावट ठरते. पुरवठादाराने फसविले, ही सबब रुग्णापुढे चालत नाही.

अपाय झाल्यास

रस अंगास लागल्यास न चोळता भरपूर थंड पाण्याने व साबणाने धुवावे. दाह शमविण्यास नंतर शतधौतघृताचा लेप देता येईल. डोळ्यात गेल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. तेथे घरगुती उपचारात वेळ दवडू नये. पोटात गेल्यावर ओठ वा घसा सुजल्यास किंवा श्वासास अडथळा वाटल्यास रुग्णालयात पाठविणे हाच मार्ग.

शोभेची वनस्पती म्हणून ती निश्चितच लावावी. दोष वनस्पतीचा नाही, चुकीच्या नावाचा आहे. अज्ञात औषध विषासमान व ज्ञात औषध अमृतासमान, असा चरकाचार्यांचा सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायातील अभिप्राय आहे. तेथेच वनस्पतींची नामरूपे गुराखी-मेंढपाळांनाही ठाऊक असतात, योजना जाणणारा तो खरा वैद्य, असेही म्हटले आहे. आज गुराखी राहिला दूर, बागेचा मालकही नाव चुकतो आहे. तेव्हा ‘कोरफड लावा’ एवढेच न सांगता चिकित्सालयाच्या दारात खऱ्या कुमारीची एक कुंडी ठेवावी आणि रुग्णास पान दाखवूनच सल्ला द्यावा, अशी सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती आहे.