विरघळत्या डोंगरांचा हिशेब

कशेळीच्या पुलाखालून उल्हास नदी खाडीला जाते, तेव्हा तिच्याबरोबर सह्याद्रीही थोडा थोडा समुद्राकडे निघालेला असतो. गाळ दिसतो; विरघळलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका मात्र दिसत नाही. ते मोजायला कशेळी कामाची नाही. इथे भरतीचं खारं पाणी चढतं, वरच्या शहरांचं सांडपाणी मिसळतं. नमुना घ्यायचा तर कर्जतच्या वर, डोंगराच्या पायथ्याशीच. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कृष्णा खोऱ्यातल्या आणि पश्चिम घाटातल्या नद्यांच्या पाण्यावरूनच दख्खनच्या बेसॉल्टची झीज मोजली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल तयार होतं. ते काळ्या दगडाच्या भेगांत शिरतं. दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, पुढे त्याचा मुरूम होतो. विरघळणारं सारं वाहून गेलं की मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. माथेरानचा जांभा त्यातूनच झाला. हवेतला कार्बन मात्र बायकार्बोनेट होऊन समुद्रात पोचतो आणि त्यातला निम्मा शिंपल्यांत, चुनखडीत अडकून राहतो. ऊन-पाऊस वाढला की ही झीज वाढते, म्हणजे तापलेल्या पृथ्वीला डोंगर थंड करू पाहतो. जगाच्या जमिनीवर बेसॉल्ट जेमतेम ५ टक्के. पण सिलिकेट खडक जो कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यात त्याचा वाटा सुमारे ३० टक्के.

हिमालयात गणित उलटू शकतं. हिमनदी खडक दळते. त्या ताज्या पिठातल्या पायराइट या गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. गंगोत्रीखाली भागीरथीच्या पाण्यात सल्फेट भरपूर सापडतं ते यामुळे. हेच आम्ल चुनखडीवर पडलं, तर खडकात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तापमानवाढीने बर्फ मागे सरकून नवा खडक उघडा पडला की या क्रियेला आणखी खाद्य मिळतं.

म्हणून ‘तापमान वाढलं, झीज वाढली, कार्बन घटला’ असं सरसकट म्हणता येत नाही. खडक कुठला आणि आम्ल कुठलं, हे आधी विचारावं लागतं. शिवाय जगभरचे सिलिकेट खडक मिळून वर्षाला सुमारे अर्धा अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषतात; आपण कोळसा, तेल आणि वायू जाळून ३५ अब्ज टनांहून अधिक सोडतो. डोंगर आपलं काम लाखो वर्षांच्या सवडीने करतो. आपली उधारी दरवर्षीची आहे.