यंदा सुपारी कुणाला? जत्रेच्या कारभाऱ्यांचा अवघड अंदाज

खंडाळा तालुक्यात माघ सरला की गावोगावी जत्रेची बैठक बसते. पालखीचा मान, कुस्त्यांची इनामं, मंडपवाला हे विषय अर्ध्या तासात मिटतात. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. यंदा करमणुकीला कुणाला आणायचं? म्हातारी माणसं म्हणतात ढोलकीचा फड आणा, पोरं मोबाईल पुढं करून म्हणतात हिला आणा. आणि पैसा असतो तो घरटी पट्टीचा. लोकांनी चालू कार्यक्रमातून उठून जावं असं झालं, की पुढं वर्षभर कारभाऱ्यांना चावडीवर बोलणी खावी लागतात.

कोणता कलावंत उद्या गाजेल हे आज ओळखणं, हा धंदा मुंबईच्या कॅसेट कंपन्यांनी केला, सिनेमावाल्यांनी केला. पण आपल्या भागात तो पिढ्यान् पिढ्या गावचे कारभारी करीत आले आहेत. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला गुढी पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तिथं जातात, तारखा बघतात, घासाघीस करून इसार देतात. चैत्री पौर्णिमेसारख्या मोठ्या तिथीला तोच फड महाग, आडदिवशी तोच स्वस्त. एका अर्थी हा कलेचा मार्केट यार्डच म्हणायचा.

अंदाज कुणाला आला होता?

मागं वळून बघितलं तर मोठमोठ्या लाटा कुणाला आधी दिसल्या नव्हत्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कुलकर्णी नावाचा पोरगा घरची कुलकर्णकी सोडून तमाशात जाईल आणि पठ्ठे बापूराव म्हणून लावणीचा बादशहा होईल, हे १८६६ साली त्याच्या जन्मावेळी कोण सांगणार होतं? १९५९ साली आलेला अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशाप्रधान सिनेमा पुण्याच्या विजयानंद थिएटरात सव्वाशेच्या वर आठवडे चालला. त्यानंतर तमाशापटांची रांगच लागली. पण रांग लागते ती एकानं वाट काढल्यावर.

पुढं कॅसेटचा जमाना आला. प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं एस.टी. स्टँडपासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत वाजलं. २०१० च्या १ जानेवारीला ‘नटरंग’ आला आणि लग्नाच्या वरातीतही लावणी वाजू लागली. २०१६ साली ‘सैराट’च्या गाण्यांनी डीजे व्यापला. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांचं नाव मोबाईलवरच्या व्हिडिओंनी खेडोपाडी पोचलं. काही ठिकाणी गर्दी आवरताना पोलिसांची दमछाक झाली. यातली एकही लाट बैठकीत बसून कुणी आधी सांगितली नव्हती.

परदेशातला एक प्रयोग

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा तपास केला आणि तो २००६ साली छापून आला. फारशी माहीत नसलेली ४८ गाणी त्यांनी चौदा हजारांवर लोकांना ऐकवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ गट पाडले आणि आपल्या गटातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दाखवला. झालं काय? ज्यांना आकडा दिसत होता ते आकड्यामागं धावले. एकच गाणं एका गटात पहिलं आलं, तर दुसऱ्या गटात चाळीसावं! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं नशीब पहिल्या काही लोकांच्या हातात राहिलं.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. लोणंदच्या कांदा बाजारात आपण हेच बघतो. गेल्या साली भाव मिळाला म्हणून यंदा सगळ्यांनीच कांदा लावायचा, आणि मग भाव पडला म्हणून कपाळाला हात लावायचा. जत्रेचंही तसंच. शेजारच्या गावानं आणलं म्हणून आपण आणतो, आपण आणलं म्हणून पलीकडचं गाव आणतं. सुपारीचा आकडा फुगतो, आणि आपली तारीख येईपर्यंत लोकांचं मन भरलेलं असतं.

अंदाज चुकला तर

गाजणार नाही असं वाटलेलं माणूस गाजलं, तर तोही घोरच. शेजारच्या वाई तालुक्यात २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. ती देवाची गर्दी होती, पण गर्दीला कारण विचारता येत नाही. दोन हजारांची सोय आणि दहा हजार माणूस, अशी वेळ सरपंच आणि पोलीस पाटलांवर येऊ नये. मोबाईलवर गाजलेलं नाव आणायचं तर मैदान, वाटा, दिवे आणि बंदोबस्त आधी, इसार नंतर.

दुसरी गोष्ट वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते; आपली तिथी त्यात बसते का ते आधी बघावं. रात्रभर चालणारा वग दोन-तीन तासांत बसवायचा, म्हणजे फडाचं बळ कशात आहे हे पाहूनच तो ठरवला पाहिजे.

मग करायचं काय?

पुढची लाट सांगता येत नाही, पण नुकसान कमी करता येतं. पौष-माघात ज्या गावांच्या जत्रा झाल्या तिथं चौकशी करा. किती लोक आले हे विचारू नका, शेवटपर्यंत किती बसले हे विचारा. पहिला आकडा नावाचा असतो, दुसरा कामाचा. फडाचं नाव तेच राहतं, पण माणसं बदलतात. सोंगाड्या, ढोलकीवाला, गाणाऱ्या बाया गेल्या सालच्याच आहेत का, ते पाहा. बैठकीत पोरांबरोबर बायामाणसांनाही विचारा. पट्टी त्यांच्याही घरातून जाते. वळवाचा पाऊस आला तर इसाराचं काय, किती माणसं येणार, किती वाजता पडदा उघडणार, हे कागदावर घ्या. आणि सगळा पैसा एकाच नावावर लावू नका. थोडा नव्या माणसांवर, थोडा आपल्याच भागातल्या भारुडावर, गजी ढोलावर खर्चावा. एकपिकी रान बरं नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

फडाचाही विचार व्हावा

यात आणखी एक गोष्ट आहे. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशात टाळेबंदी सुरू झाली. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत हंगाम गेला. २०२१ चाही हातचा गेला. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, ती फडमालक कर्जानं उभी करतो. सुपारी नाही म्हणजे कर्ज तसंच अंगावर.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी वर्षानुवर्षं लोकांना हसवीत राहिली. विठाबाई नारायणगावकर यांनी आयुष्य बोर्डावर काढलं. २००२ साली त्या गेल्या, आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढं नेली. ही माणसं एका हंगामात तयार झाली नाहीत. गावांनी पडत्या काळातही त्यांना तारखा दिल्या, म्हणून ती टिकली.

शंभर गावांनी एकाच नावाच्या मागं धावायचं ठरवलं, तर ते नाव गाजणारच. त्यात अंदाज कसला? पण बाकीचे फड तंबू विकून मोकळे होतील, आणि ती लाट ओसरली की नारायणगावला निवडायला राहुट्याच राहायच्या नाहीत. तेव्हा यंदाची सुपारी फोडताना कारभाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की उद्या कोण गाजेल हे आपल्याला सांगता येत नसलं, तरी उद्या कोण टिकेल हे बरंचसं आपल्याच बैठकीत ठरतं.