मधल्या एकवीस दिवसांची वही

समजा, तुमची मावशी सांगली जिल्ह्यात तासगावजवळ राहते. तिला स्तनाचा कर्करोग झाला आहे. मिरजेला जाऊन ती केमोथेरपीचे औषध घेऊन येते. पुढची पाळी २१ दिवसांनी. मधल्या दिवसांत घरी तिला काय होते, हे डॉक्टरांना कसे कळावे?

कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. केमोथेरपीची औषधे अशाच पेशींवर घाला घालतात. पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि हाडांतील मज्जा येथील निरोगी पेशीही भराभर विभागत असतात. त्यांनाही मार बसतो. म्हणून केस गळतात, तोंड येते. मज्जेत रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होतात. औषधानंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी त्या सर्वांत कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तरी तो साधा ताप समजू नये! ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते.

पण मावशी म्हणते, “उतरेल सकाळपर्यंत. कशाला डॉक्टरांना त्रास?”

येथे मोबाइल कामी येतो. त्यावरचे ॲप नेमाने विचारते: ताप किती? उलट्या किती? जेवण जाते का? उत्तर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले, की रुग्णालयातील परिचारिकेला सूचना मिळते.

याचा खरोखर उपयोग होतो का? न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. ईथन बॅश यांनी कर्करोग शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटाने आपला त्रास संगणकावरून कळवला. दुसऱ्याची देखभाल नेहमीप्रमाणे झाली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कळवणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक ३१.२ महिने, इतरांचा २६. वेळीच कळले, म्हणून वेळीच उपाय झाला!

मात्र सूचना वाचणारे कोणी नसेल, तर ॲप मुके. आणि साताऱ्याच्या डोंगराळ भागात रेंजच नसेल तर? मग वही घ्या. तारीख, ताप, उलट्या, जेवण असे रकाने आखा. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हे रुग्णालयात आधीच विचारून तो क्रमांक भिंतीवर लावा. न विचारता तापाची गोळी देऊ नका. तिने ताप झाकला जातो.

थर्मामीटर वाचणे तुम्हांला येतेच. मग मावशीची वही आजपासून तुमच्याकडे!