फायलीबाहेरचा अभ्यास

भारत-पाकिस्तान युद्ध २३ सप्टेंबर १९६५ रोजी थांबले. ताश्कंदची बोलणी अजून व्हायची होती आणि फौजा सीमेवरच होत्या. त्या धामधुमीत, ११ नोव्हेंबरला, दिल्लीत एक छोटी संस्था सुरू झाली: इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसेस, म्हणजे आयडीएसए. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सह्याद्रीने तिथे जाऊन काय काय केले हे सांगताना मात्र या संस्थेचे नाव क्वचितच निघते. माझ्या मते ते बरेच आधी निघायला हवे.

बासष्टच्या पराभवानंतर लष्कराकडे काय कमी होते याची चर्चा देशभर झाली. बूट, बंदुका, रस्ते. चीन काय विचार करतो याचा सवडीने, सलग अभ्यास करणारी माणसेही आपल्याकडे फार थोडी होती, त्याची चर्चा तेवढी झाली नाही. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला आजची फाईल आजच हातावेगळी करायची असते. संसदेतले प्रश्न, परदेशी पाहुण्यांचे दौरे, खरेदीचे प्रस्ताव यांतून पाच वर्षांनंतरचा विचार करायला त्याला उसंत मिळत नाही. विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे वेळ असतो, पण त्याचे म्हणणे साउथ ब्लॉकपर्यंत पोचायला वाट नसते. परराष्ट्र आणि संरक्षण धोरणाच्या थिंक टँकची जागा या दोघांच्या मधली आहे.

तिथे रोज नेमके चालते काय? मुख्यतः वाचन. गुप्तहेर जे चोरून आणतात ते इथे येत नाही, जे सर्वांसमोर पडलेले असते तेच इथे बारकाईने वाचले जाते. एक उदाहरण घेऊ. जून २०२१ मध्ये चीनने तिबेटमध्ये ल्हासा ते न्यिंगची ही सुमारे ४३५ किलोमीटरची रेल्वे सुरू केली. न्यिंगची अरुणाचलच्या सीमेपासून फार दूर नाही. आपल्या वर्तमानपत्रांत ती एका दिवसाची बातमी होती. अभ्यासकाचे काम त्या दिवशी सुरू होते. या मार्गावरून दिवसात किती गाड्या जाऊ शकतात? सैन्य हलवायला पूर्वी किती दिवस लागत आणि आता किती लागतील? पुढचा टप्पा कुठे चालला आहे? सरकारी चिनी वृत्तपत्रे, निविदा, अधिकाऱ्यांच्या बदल्या, बाजारात विकत मिळणारी उपग्रहचित्रे, असे एकेक तुकडे जोडत तो उत्तराजवळ जातो. इंटरनेट नव्हते तेव्हा हे सगळे ग्रंथालयात व्हायचे. परदेशी नियतकालिकांतले महत्त्वाचे लेख आणि दस्तऐवज एकत्र छापणारे ‘स्ट्रॅटेजिक डायजेस्ट’ हे संस्थेचे मासिक त्या काळात फार मोलाचे होते.

मग लेख तयार होतो आणि त्याची परीक्षा सुरू होते. फेलोज सेमिनार नावाच्या बैठकीत लेखक आपला मसुदा मांडतो. त्याच्यावर टीका करायला माणसे आधीच नेमलेली असतात, काही संस्थेतली, काही बाहेरची. संस्थेत विद्यापीठातून आलेले अभ्यासक असतात, तसे लष्करी आणि मुलकी सेवेतून ठरावीक काळासाठी आलेले अधिकारीही असतात. त्यामुळे बर्फात काम केलेला कर्नल एखाद्या तरुण संशोधिकेला विचारू शकतो, बाई, या खिंडीतून वर्षातले किती महिने वाहन जाते ते पाहिलेत का? आणि तीही त्याला विचारू शकते की, कर्नलसाहेब, तुमचा आकडा कोणत्या वर्षाचा? पद बाजूला ठेवून असा प्रश्न विचारण्याची मुभा मंत्रालयाच्या बैठकीत सहसा नसते.

या संस्थेला घडवणारा माणूस म्हणजे के. सुब्रह्मण्यम. तिरुचिरापल्लीत जन्मलेले हे आयएएस अधिकारी १९६८ ते १९७५ आणि पुन्हा १९८० ते १९८७ तिचे संचालक होते. (आजचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर त्यांचे चिरंजीव.) २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. ३१ मार्चला दिल्लीत इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या परिसंवादात सुब्रह्मण्यम उघडपणे म्हणाले की, पाकिस्तान फुटणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्रात छापून आले. सरकार तेव्हा जपून पावले टाकत होते, प्रत्यक्ष युद्ध डिसेंबरात झाले. पण पाकिस्तानने ते वाक्य भारताच्या कटाचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे जगाला दाखवले.

त्यांनी बोलायला नको होते का? मला तसे वाटत नाही. सरकारला ज्याची जाहीर वाच्यता करता येत नाही त्यावर देशात कोणीतरी वाद घालायलाच हवा. मात्र सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा संचालक बोलला की जग ते दिल्लीचेच मत समजते, ही त्या स्वातंत्र्याची किंमत आहे. ती मोजायची तयारी तेव्हाच्या दिल्लीने दाखवली, संचालक खुर्चीवर राहिले. अणुकार्यक्रमाबाबतही तेच. भारताने अण्वस्त्रांचा पर्याय सोडू नये असे सुब्रह्मण्यम अनेक वर्षे मांडत राहिले. पुढे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे निमंत्रक म्हणून त्यांच्याच नेतृत्वाखाली अणुधोरणाचा मसुदा तयार झाला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये तो चर्चेसाठी जाहीर झाला. अण्वस्त्र प्रथम न वापरण्याचे तत्त्व त्यात होते. जानेवारी २००३ मध्ये सरकारने काही बदलांसह धोरण अधिकृत केले. तीस वर्षांचा वाद असा एका पानावर आला.

संस्थेचा खर्च संरक्षण मंत्रालय करते आणि अलीकडे संरक्षणमंत्रीच तिचे अध्यक्ष राहिले आहेत. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचे नाव दिले गेले, म्हणजे पाया घालणारा मंत्री कराडचा आणि नाव गोव्याच्या मंत्र्याचे. खासगी किंवा परदेशी पैशानेही स्वातंत्र्याचा प्रश्न सुटत नाही. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले की वॉशिंग्टनमधल्या नामांकित थिंक टँकना परदेशी सरकारे कोट्यवधी डॉलर देत होती. आपल्याकडे दिल्लीतल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी निधीचा परवाना २०२४ मध्ये रद्द झाला. पैसा सरकारचा असो, उद्योगपतीचा असो की परदेशाचा, वाचकाने एक गोष्ट तपासावी: या संस्थेने आपल्याच पैसेवाल्याला न रुचणारे शेवटचे कधी छापले होते? ज्या संस्थेला याचे उत्तर देता येत नाही तिचे अहवाल मी सावधपणे वाचतो.

सरकारनेही आपली बाजू पाळायला हवी. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर आला, पुस्तकरूपाने दुकानात मिळू लागला. गुप्तचर यंत्रणांपासून तिन्ही दलांच्या समन्वयापर्यंतच्या सुधारणांवर पुढे जाहीर चर्चा करता आली ती त्यामुळे. बासष्टचे तसे झाले नाही. चव्हाण मंत्री असताना लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी त्या पराभवाची चौकशी केली, १९६३ मध्ये अहवाल दिला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, पण सरकारने तो आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यामुळे चव्हाणांच्या काळात उभ्या राहिलेल्या संस्थेतला अभ्यासक बासष्टवर लिहायला बसतो तेव्हा त्याच काळातला हा मूळ कागद त्याला सरकारकडून मिळत नाही, फुटलेल्या पानांवर भागवावे लागते. साठ वर्षे उलटली. तो अहवाल पूर्ण छापावा आणि सर्वांत आधी त्या ग्रंथालयात ठेवावा.