पान्ह्याचें रहस्य

कोल्हापुरांत गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर ग्राहकांसमोर म्हशीची धार काढून धारोष्ण दूध देण्याचा प्रघात प्रसिद्ध आहे. धार काढण्यापूर्वीं गवळी रेडकूं पाजतो किंवा कास धुऊन सड चोळतो. मिनिट-दोन मिनिटें फारसें दूध येत नाहीं. मग एकाएकीं सड भरतात आणि म्हैस पान्हावते. या अल्पावधींत घडतें काय, हें पाहिलें म्हणजे संप्रेरकांचें कार्य ध्यानांत येतें.

शरीरांतील दूरदूरच्या अवयवांना परस्परांस वार्ता देण्याचे दोन मार्ग आहेत : एक मज्जातंतूंचा, दुसरा रक्ताचा. कांहीं ग्रंथी अत्यल्प प्रमाणांत विशिष्ट द्रव्यें सरळ रक्तांत सोडतात व त्यांच्या योगें दूरच्या अवयवाची क्रिया सुरू होते किंवा मंदावते. हींच संप्रेरकें. १९०५ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनीं त्यांना ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चेतविणें’ असा आहे.

रक्त तर सर्वत्र फिरतें. मग वार्ता नेमक्या ठिकाणींच कशी लागू पडते? पाटाला पाणी सुटल्याची दवंडी साऱ्या गांवाच्या कानीं पडते, पण खोरें घेऊन निघतो तो त्या पाटावर शेत असलेलाच. त्याचप्रमाणें ज्या पेशींवर त्या संप्रेरकाला धरून ठेवणारे ग्राहक रेणू असतात, त्याच पेशी कामाला लागतात.

म्हशीच्या कासेंतील बहुतेक दूध सूक्ष्म पिशव्यांत सांठलेलें असतें. नुसतें पिळून तें खालीं येत नाहीं. रेडकाचें तोंड सडाला लागतांच मज्जातंतू ती वार्ता मेंदूस पोहोंचवितात आणि मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतून ‘ऑक्सिटोसिन’ रक्तांत उतरतें. त्यामुळें पिशव्यांभोंवतालच्या पेशी आकुंचन पावून दूध सडांकडे लोटतात. हा प्रभाव कांहीं मिनिटांतच ओसरतो. म्हणून धार लगोलग काढावी लागते. मातेला तान्ह्यासाठीं पान्हा फुटतो, तोहि याच संप्रेरकामुळें.

म्हैस बुजली किंवा तिला मार बसला, कीं ती दूध चोरते असें म्हणतात. वस्तुतः यांत चोरी नाहीं. भीतीमुळें मेंदूकडून ऑक्सिटोसिन सुटण्यास अडथळा येतो, आणि ॲड्रेनॅलिन हें दुसरें संप्रेरक त्याच्या कार्याला विरोध करतें.

१९५३ सालीं अमेरिकेंत द्यु व्हिन्यो यांनीं ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेंत तयार केलें, व १९५५ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. प्रसूतिशास्त्रांत हें औषध मोलाचें ठरलें; परंतु उतावळे दूधवाले तेंच म्हशीला रोज टोचूं लागले. सुईनें आधींच तयार असलेलें दूध खालीं उतरतें, इतकेंच. उलट संवय जडली, कीं रेडकूं पाजूनहि पान्हा नीट फुटत नाहीं. दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीस अपायकारक इंजेक्शन देणें १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. जें काम रेडकाचा स्पर्श, ओळखीचा हात आणि दोन मिनिटांचा धीर यांनीं बिनखर्चांत होतें, त्यासाठीं सुईची गरज नाहीं.